एका विटेची जागा

फुलाबाई पेठकडची. भात कापून झालं की तिच्या पाड्यावरची माणसं विंचूरच्या बाजूला द्राक्षबागांवर कामाला येत, तशी तीही येई. हडकुळी, उंच, कमी बोलणारी. तिची मुलगी संध्या माझ्या शाळेत चार हिवाळे बसली, तिथून आमची ओळख.

नवी टोळी उतरली की फुलाबाई पहार घेऊन त्यांच्या खोलीत शिरायची. छताखालची एक वीट काढायची आणि समोरच्या भिंतीतली, खालची, दुसरी.

"निखारा घरात घ्यायचा नाय," ती बायकांना बजावायची. "खाली पेंढा घाला, गोधड्या घ्या, चिकटून निजा."

"वीटवाली आली," म्हणून बायका हसायच्या. ती हसत नसे.

डोंगरातली त्यांची घरं कुडाची. कारवीच्या काड्या, वरून शेणमाती. विस्तव रात्रभर घरात असला तरी फटींतून सगळं निघून जातं. बागेवरच्या खोल्या मात्र विटा-सिमेंटच्या, आणि विस्तवाची सवय तीच. १९९६च्या जानेवारीत थंडीनं बाग जळू नये म्हणून पहाटे बांधावर शेकोट्या करायच्या होत्या. फुलाबाई सात वर्षांच्या संध्याला घेऊन त्या कामावर गेली. नवरा यादव तापानं खोलीत पडून होता. त्याच्याजवळ घमेल्यात निखारे ठेवले होते. उजाडल्यावर ती परतली, तेव्हा तो गेलेला होता. चेहरा तांबूस, झोपेतल्यासारखा. बंद खोलीत निखाऱ्यांच्या विषारी वायूनं घात केला, असं डॉक्टर म्हणाले. खिडकीच्या फटीत बारदान कोंबलेलं सापडलं. थंडी वाजते म्हणून यादवनंच कोंबलं असणार, असं सगळ्यांनी धरलं.

तेव्हापासून ती भिंतीआड कधी निजली नाही. एकदा भर दुपारी शाळेच्या ओट्यावर एक मूल झोपलं होतं. रस्त्यानं जाणारी फुलाबाई थबकली आणि त्याचं पोट वरखाली होताना बघत उभी राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

२००८च्या फेब्रुवारीत गारठा पुन्हा तसाच पडला. संध्या तेव्हा दीड महिन्याचं बाळ घेऊन नवऱ्याबरोबर ललितच्या बागेवर होती. ललितही माझाच विद्यार्थी. त्याची मजुरांची खोली नवी, स्लॅबची. फुलाबाई मला बोलवायला घरी आली.

"गुरुजी, तो माझं ऐकत नाय. तुम्ही सांगा."

"अहो गुरुजी, परवा रंग दिलाय भिंतीला!" ललित म्हणाला.

"रंगाचा डबा मी आणून देतो. बाईला वीट काढू दे."

तो कुरकुरला, पण त्यानंच पहार आणून दिली.

दोन दिवसांनी दुपारी फुलाबाई आणि मी पुन्हा गेलो. बाजेखाली घमेलं धगधगत होतं, बाजेवर बाळ. वरच्या भोकात जुन्या लुगड्याचा बोळा होता, खालच्या भोकापुढे धान्याचं पोतं.

फुलाबाई दारातच थांबली. "काढ ते."

"आई, बाळाला वारा लागतो. अन् धूर कुठं हाय? नुसता लाल निखारा हाय."

"तुझ्या बापाच्या वेळीबी धूर नव्हता."

"बाबानं दार-खिडकी सगळं बंद केलं व्हतं. बारदान कोंबलं व्हतं. मी दार उघडं ठेवीन."

"त्यानं नाय कोंबलं."

"मग कोणी?" संध्या म्हणाली.

"मी कोंबलं," फुलाबाई म्हणाली. "कामावर जाताना. लय कुडकुडत व्हता."

बारा वर्षांत हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

संध्यानं विचारलं, "बाबा जागा व्हता?"

"जागा व्हता. म्हणला, फुला, आता बरं वाटतं."

संध्यानं बाळ माझ्या हातात दिलं. बाजेवर चढून तिनं बोळा ओढून काढला, मग उतरून पोतं सरकवलं. गार वाऱ्याची रेघ थेट माझ्या पायांवर आली. तोवर फुलाबाईनं पदरानं घमेलं धरून अंगणात नेलं होतं. पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला. संध्या आईला आत ये म्हणाली नाही. तिच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"काढलं का?" बाहेरून आवाज आला.

"काढलं," मी म्हणालो.

"पोर हलतंय का?"

बाळानं माझं बोट धरलं होतं. "हलतंय, फुलाबाई."

थोडा वेळ गेला. मग तिनं पुन्हा तेच विचारलं.