बुधवारची पंगत

माझी पत्नी अंडं खात नसे. आम्ही दोघंही लिंगायत घरांतले. आमच्या स्वयंपाकघरात अंड्याचं टरफलही कधी आलं नाही. तरीही तिच्या नोकरीच्या अखेरच्या काळात आमच्यात सर्वांत जास्त बोलणं झालं ते अंड्याविषयीच.

ती उमरीजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. मी लातूरला, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. आठवडाभर ती उमरीत खोली घेऊन राहायची आणि शनिवारी एसटीने घरी यायची. आली की हातपाय धुऊन पूजा करायची, मग चहा घेता घेता शाळेचं सांगायची. आमच्या संसाराचा मोठा भाग असाच गेला, तिच्या सांगण्यात आणि माझ्या ऐकण्यात. पुढचं काही मी पाहिलेलं आहे, बरंचसं तिच्याकडून ऐकलेलं.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाला गावात सगळे खिचडीच म्हणतात, त्या दिवशी वरणभात असला तरी. तिने शाळेमागच्या पडीक जागेत मेथी आणि पालक लावून घेतला. शेवग्याचा पाला वरणात घालायला लावला. मुलं तो पाला बोटाने वेचून ताटाच्या कडेला ठेवायची. "मॅडम, शेळीचं जेवण आमाला काहून?" असं एकाने विचारलं, ते सांगताना ती स्वतःच हसली होती.

मग एकदा सकाळच्या परिपाठाला चौथीतली एक मुलगी प्रार्थना म्हणता म्हणता खाली बसली आणि तिथेच आडवी झाली. तिची आई उजाडायच्या आत सोयाबीन काढायला जायची. मुलगी कोऱ्या चहावर शाळेत आलेली. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी असल्याचं सांगितलं. त्या शनिवारी बायकोचा चहा तसाच राहिला.

"नुसत्या पाल्याने भागत नाही हो," ती म्हणाली. "आठवड्यातून एकदा अंडं द्यायची सोय आहे. आमच्या शाळेने कधी घेतलीच नाही. मी घेणार."

"गाव ऐकेल?"

"मी काय कुणाला बळजबरीने चारणार आहे? नको असेल त्याला केळं."

पालकसभेत शाळा समितीचे अध्यक्ष उठले. ते आमच्यातलेच, गावातले किराणा दुकानदार. "मॅडम, गळ्यात लिंग घालता आन् शाळेत अंडी उकडता? मंग आमी आमची लेकरं कुठं धाडावी?" बराच वेळ बोलाचाली झाली. शेवटी तिनेच तोड काढली. अंडी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या चुलीवर उकडायची. अंडं खाणारी मुलं व्हरांड्याच्या मागच्या टोकाला बसतील, केळंवाली पुढे. वाद मिटला. ती समाधानाने घरी आली, आणि मलाही ती तोड शहाणपणाची वाटली.

त्यानंतर एका बुधवारी, म्हणजे अंड्याच्या दिवशी, मी शाळेत गेलो होतो. पुढून एक मुलगा मागे बघून ओरडला, "ए, तुझ्या पोटात कोंबडा आरवल बग!"

"आरवू दे," चौथीतली ती मुलगी म्हणाली. "तुझ्या पोटात केळीची बाग येईल. दुकानात इक." आणि तिने आधी पांढरं खाल्लं, पिवळं शेवटाला राखून ठेवलं.

बायको रोज मुलांबरोबरच डबा खायची. त्या दिवशीही तिने डबा उघडला आणि पुढच्या पंगतीत, केळंवाल्या मुलांत बसली. मी ते पाहिलं आणि त्यात मला काहीच वेगळं दिसलं नाही. ती आणखी कुठे बसणार? लग्नकार्यातसुद्धा आम्ही वेगळ्या पंगतीची चौकशी करूनच बसणारी माणसं.

हळूहळू अंडी उरायला लागली. ज्यांच्या घरी रविवारी कोंबडी शिजते ती मुलंही केळ्याकडे सरकली. मागे राहिली ती फक्त बौद्धवस्तीतली मुलं. मग त्या मुलीची आई मजुरीचा दिवस मोडून शाळेत आली.

"मॅडम, आमच्या पोरीला बी केळंच द्या."

"अगं, तिलाच तर अंड्याची खरी गरज आहे. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

"हाव, ठावं हाय मला. पर ती न्हाई म्हणून राहिली. मागं बसत न्हाई म्हणती."

"मागे म्हणजे... ते फक्त अंड्यासाठी आहे गं."

"मॅडम," ती म्हणाली, "मागली पंगत आमाला नवी न्हाई. माझ्या आजीनं बघितली, मायनं बघितली. तुमी बसता ती पुढली. लेकराला कळतंय."

हे सांगताना बायकोने शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं. "माझ्या लक्षात कसं आलं नाही हो?" तिने विचारलं. मी उभं आयुष्य पुस्तकांत काढलं, पण लक्षात माझ्याही आलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी तिने पंगती मोडल्या. मुलं वर्गवार बसतील, ज्याच्या त्याच्या ताटात जे असेल ते असेल. ती स्वतः चौथीच्या मुलांत बसली. त्या मुलीने अंडं घेतलं. पण त्यानंतर दर बुधवारी दुकानदारांच्या, आडत्यांच्या घरची मुलं घरीच राहू लागली. "बुधवारचा उपास हाय आमच्या पोरांचा," अध्यक्ष चारचौघांत तिला ऐकवत. स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, "मॅडम, एका दिसाचं अंडं आन् आठ दिसाचं भांडण. सोडा की." तिने सोडलं नाही. अंडंही हवं आणि पंगतही एकच हवी, यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं. त्या दोन गोष्टी एका व्हरांड्यात काही मावत नव्हत्या.

मग ती आजारी पडली. लातूरच्या दवाखान्यातही बुधवार आला की मला शाळेत फोन लावायला सांगायची. सगळी आली होती का, विचारा. नाही, असंच उत्तर यायचं, आणि मी ते जसंच्या तसं सांगायचो. तिला खोटं चाललं नसतं.

तिला माती दिल्यावर काही दिवसांनी शाळेतून निरोप आला. श्रद्धांजलीचा कार्यक्रम बुधवारी होता. मी गेलो. फोटोला हार घातलेला होता. दुपारी मुलं जेवायला बसली. व्हरांड्यापासून फाटकापर्यंत एकच पंगत, दुकानदारांची, आडत्यांची, बौद्धवस्तीतली, सगळी मुलं खांद्याला खांदा लावून. वडील माणसं वाढत होती. मीही त्या पंगतीतच बसलो.

मग माझी नजर ताटांवर गेली. खिचडी, शिरा, केळं. अंडं कुठेच नव्हतं.

अध्यक्ष हात जोडून जवळ आले. त्यांचे डोळे खरोखरच ओले होते. "सर, मॅडमच्या नावानं आज अंडं ठिवलं न्हाई. आपला धरम हाय शेवटी. आन् बगा, समदे कसे एका जागी बसलेत. हेच पायजे होतं न्हवं त्यांना? आता असंच चालवावं म्हणतो. तुमी दोन शबूद बोला, त्यात सांगून टाका."

मला सभेत बोलायची सवय नाही. मी बसूनच राहिलो, पण एवढं म्हणालो, जरा मोठ्याने, म्हणजे वाढणाऱ्यांना ऐकू जाईल, "तिला अंडंही पाहिजे होतं. अशाच पंगतीत."

वाढणारे थांबले. फाटकाशी त्या मुलीची आई उभी होती. ती माझ्याकडे न बघता लेकीच्या ताटाकडे बघत होती. पंगतीतून कुणी उठून गेलं नाही. पण "हो" असंही कुणी म्हणालं नाही.

"बघू, सर," अध्यक्ष म्हणाले, आणि खाली वाकून माझ्या ताटात शिरा वाढू लागले.