चौथ्या मजल्यावरची कडी

आमच्याकडे नणंदेला अहो-जाहो करतात. त्यामुळे मी आक्कांना आयुष्यभर ज्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या मानानेच दिल्या. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयाने माझ्याहून मोठी. त्या मला वैनी म्हणतात आणि मारताना हात आखडत नाहीत. मीही आखडत नाही. भूकंपानंतर घरात आम्ही दोघीच उरलो. तेव्हापासून आमची भांडणं चालूच आहेत, पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते म्हातारपणी, राहायचं कुठे यावरून.

लातूरात आमची खानावळ होती. म्हणजे मी शाळेत नोकरी करायचे आणि आक्का खानावळ चालवायच्या. क्लासेसचं पेव फुटलं तसं गल्लीत घरोघरी भाड्याच्या कॉटा पडल्या, किनवटपासून निलंग्यापर्यंतची पोरं त्यांवर येऊन राहिली आणि डॉक्टर व्हायच्या आशेने आक्कांचं वरण गिळू लागली. वरण पातळ आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकाने म्हटलं होतं, तेव्हा आक्कांनी पळी अशी भिरकावली की भिंतीचा पोपडा निघाला.

मग घरमालकाने ते घर पाडायला काढलं. त्याला तिथे सहा मजली होस्टेल बांधायचं होतं. मशीन आलं तेव्हा आमचं सामान अर्धं आत, अर्धं रस्त्यावर. त्या लोखंडी पंज्याने स्वयंपाकघराची भिंत ओढली आणि ती आडवी झाली. तो आवाज ऐकून आक्कांचं डोकं फिरलं. त्यांनी रस्त्यावरचे दगड उचलून मशीनवर मारायला सुरुवात केली. काच फुटली, ड्रायव्हर उडी मारून पळाला. मी त्यांना आवरायला म्हणून कंबरेला मिठी मारली, आणि भिंतीचा दुसरा तुकडा पडल्यावर मीही एक दगड उचलून मारला. लोक म्हणाले, म्हाताऱ्या पिसाळल्या. म्हणू देत.

त्यानंतर घर शोधणं आलं. कुणी दोन म्हाताऱ्यांना भाड्याने ठेवून घेईना. पोरं ठेवली की जास्त मिळत होतं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की नांदेड रस्त्याला म्हाताऱ्यांसाठी भली मोठी वसाहत झाली आहे. दवाखाना, देऊळ, जेवणघर, चालायला रस्ते, सगळं एका कुंपणात. दोघींचे मिळून तेवढे पैसे जमलेले होते. आम्ही बसने गेलो.

तिथला मॅनेजर टाय बांधलेला आणि गोड बोलणारा होता. त्याने आम्हाला थंडगार पाणी दिलं आणि टेबलावरचं थर्माकोलचं मॉडेल दाखवलं. चार-चार मजल्यांच्या बारा इमारती, हिरव्या स्पंजची झाडं, काडीएवढी माणसं. बैठं घर एकही नव्हतं.

"आजी, तळमजल्यालाही खोल्या आहेत, वरही आहेत. बोला, कुठं आवडेल?"

"तळमजला," मी म्हणाले.

"वरचा. एकदम वरचा," आक्का म्हणाल्या. दोघी एकाच वेळी बोललो.

मॅनेजर हसला. आम्ही हसलो नाही.

"आक्का, डोकं ठिकाणावर हाय का? वरून पळायचं कसं?"

"पळायचंच कशाला? डोस्क्यावर काय नसलं की माणूस बसून ऱ्हातंय."

"अन् खालून इमारत गेली तर?"

"गेली तर मी वर ऱ्हाते. ढिगाऱ्याच्या वर. तू खाली असशील, तीन मजले उरावर घिऊन!"

मॅनेजर मध्येच म्हणाला, की आजी, इमारत भूकंपाला टिकणारी आहे, कागद दाखवतो. आक्का त्याला म्हणाल्या, "कागद तू घाल डोस्क्यावर." मला तर संताप आवरेना. मी मॉडेलमधली एक इमारत धरली आणि तिचे मजले एकात एक दाबले. थर्माकोल करकरला आणि इमारत भाकरीएवढी चपटी झाली. "असं पडतंय, असं! बघितलं का? कुठं हाय तुमचा चवथा मजला?"

आक्कांनी छत्री उचलली आणि माझ्या दंडावर हाणली. मी छत्री ओढली तर त्याही ओढल्या गेल्या आणि टेबलावर आदळल्या. देऊळ मोडलं, स्पंजची झाडं लादीवर पसरली. मॅनेजर गुडघ्यावर बसून काडीएवढी माणसं गोळा करत राहिला. त्याची दया आली, पण तेव्हा नाही, नंतर बसमध्ये.

बसमध्ये आम्ही दोन वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

हे भांडण बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल, म्हणून भूकंपाचं सांगते. आमचं घर निलंग्याच्या बाजूच्या एका खेड्यात होतं. दगडामातीच्या भिंती, आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर हातभर मातीचं छत. उन्हाळ्यात गार असतं म्हणून आम्हाला त्याचा अभिमान होता. त्या पहाटे मी आंघोळीचं पाणी तापवायला अंगणात होते. आत माझा नवरा आणि त्याच्या पलीकडे आक्का झोपल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांना टाकलं होतं, म्हणून त्या आमच्याकडेच असत. जमीन हलली तशी मी पुढच्या दाराकडे धावले. आतून कडी घातलेली होती. मी रोजच्यासारखी मागच्या दाराने बाहेर आले होते, पण ती भिंत आधीच ढासळली होती. चौकट तिरकी होऊन दार गच्च बसलं. मी त्याला धडका देत होते तेव्हाच माळवद खाली आलं.

मग मी उकरलं. आधी हातांनी, मग खोरं सापडलं तेव्हा खोऱ्याने. एका ठिकाणाहून टकटक आवाज येत होता, म्हणून तिथे उकरलं. आक्का निघाल्या. हातात तांब्या होता, तोच त्या दगडावर वाजवत होत्या. नवऱ्याच्या बाजूने काहीच आवाज नव्हता. त्याला काढलं तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती आणि तो गेलेला होता.

वर्षभराने, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना, आक्कांनी मला सांगितलं की तो आत जिवंत होता. तुळईखाली दोन्ही हात अडकलेले, तोंडात माती, आवाज जेमतेम त्यांच्यापर्यंत पोचत होता. तो त्यांना म्हणाला होता, तांब्या तुझ्या हातात हाय, तू वाजव. त्यांनी वाजवला, आणि मी त्यांच्याकडे गेले. हे ऐकून मी त्यांना खोऱ्याच्या दांड्याने मारलं. त्या जगल्या म्हणून नाही. वर्षभर गप्प बसल्या म्हणून. त्यांनी हातसुद्धा आडवा धरला नाही. पुढे कधीही भांडण तापलं की त्या एकच वाक्य फेकायच्या, "मला कशाला काढलीस? त्याला काढायचं हुतं." आणि मी म्हणायचे, "तोंड बंद करा, न्हाईतर पुन्हा पुरीन." असा आम्ही संसार करत होतो.

आमच्या भागात भूकंपातून वाचलेल्या कित्येक घरांत तेव्हापासून रात्री कडी घालत नाहीत. आम्हीही कधी घातली नाही. लातूरातही दार नुसतं लोटून ठेवायचो. एकदा चोराने कुकर नेला. आक्का लाटणं घेऊन कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे धावल्या, आणि तरी दुसऱ्या दिवशी कडी घातली नाही.

मॅनेजरने त्या दिवसाचं मनावर घेतलं नाही, हे त्याचं मोठेपण किंवा धंद्याची गरज. त्याचा निरोप आला की आठवडाभर राहून बघा, एक खाली, एक वर, मग ठरवा. मी म्हणाले, बरं होईल, सुटेन एकदाची. आक्का म्हणाल्या, "हाव, मीबी सुटते." इतक्या वर्षांत आम्ही एका छपराखाली झोपलो नाही अशी रात्र नव्हती, आणि आता त्या चौथ्या मजल्यावर आणि मी बागेच्या कडेला. तिथे त्या खरंच रमल्या तर? तर मी उरलेलं आयुष्य कुणाशी भांडू?

पहिले दोन-तीन दिवस आम्ही जेवणघरात भेटायचो. त्या वरून दिसणाऱ्या गोष्टींचं कौतुक सांगायच्या, रेणापूरकडचा रस्ता, ढग, घारी. मी बागेतल्या मोगऱ्याचं सांगायचे. दोघी खोटं बोलत होतो. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि मोगऱ्याला तर एकही फूल नव्हतं.

मग एका दुपारी जमीन हलली.

मी नुकतीच आडवी झाले होते. आधी खोल धप्प असा आवाज झाला, मग पाण्याचा पेला ताटलीवर थरथरला आणि खिडकी खणखणली. मला दाराबाहेर पडायला चार पावलं होती. बाहेर बाग, मोकळं आभाळ. याचसाठी तर मी तळमजला मागितला होता. मी बाहेर पडले आणि बागेकडे न जाता जिन्याकडे वळले. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला होता, तरी कठड्याला धरून, रांगत, शिव्या देत मी वर गेले. वरून उतरणारे म्हातारे मला ओरडत होते, बाई, खाली चला! एकाने माझा हात धरला. मी त्याच्या मनगटाला चावले.

चौथ्या मजल्यावर पोचले आणि आक्कांचं दार ढकललं. उघडेना. मला वाटलं, चौकट बसली. मला पुन्हा ती माती दिसली, तो तांब्या ऐकू आला. मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"आक्का! वाजवा! काहीतरी वाजवा!"

आतून आवाज आला, "पळ वैनी! वर कशाला आलीस? खाली पळ!"

जिन्याजवळ भिंतीला आग विझवायची लाल टाकी टांगली होती. ती मी खाली ओढली आणि दारावर घातली. पुन्हा घातली. हातांची सालटी निघाली. कडीजवळचं लाकूड फाटलं, स्क्रू उडाले आणि दार आतल्या भिंतीवर आपटलं. चौकट अगदी सरळ होती. कडी आतून घातलेली होती.

आक्का समोरच्या भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या मागच्या खिडकीतून टेकडीपलीकडे पांढऱ्या धुळीचा लोट वर चढताना दिसत होता. दगडाची खाण होती तिथे. सुरुंग उडवला होता, बस्स.

"कडी का घातलाव?"

मी जवळ गेले आणि त्यांच्या थोबाडीत मारली. "का घातलाव?"

"तू यिऊ नयेस म्हनून."

"कधीपासून?"

"हितं आल्यापासून. रोजच." त्यांनी गालावर हात धरला. "वर कशाला मागितलं मी? डोस्क्यावर काय नसलं की कुनाला उकरायचं काम न्हाई. तू खालून सरळ बाहीर. एकदा उकरून तुझ्या पदरात काय पडलं?"

मी दुसरी मारली. हात दुखत होता तरी मारली.

"तुम्ही पडलाव!" मी ओरडले. "तुम्ही पडलाव पदरात. अजून काय पडायचं हुतं?"

त्यांनी माझे केस धरून मला खाली ओढलं. आम्ही दोघी जमिनीवर पडलो, तिथल्या त्या गुळगुळीत फरशीवर, आणि त्या माझ्या पाठीत बुक्क्या घालत मोठमोठ्याने रडू लागल्या. भाऊ गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. मी पण रडले. मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. फुटलेलं दार, टाकीतून लादीवर सांडलेली पांढरी पूड, आणि मध्ये दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या झिंज्या धरून. तो घाबरून म्हणाला, की आजी, खाणीचं सांगायचं राहिलं, माझी चूक झाली.

"ही खोली आमची," मी जमिनीवरूनच म्हणाले. "दोघींची. नवं दार बसवा. कडी बसवू नका."

सुताराला ते पटेना. कडीशिवाय दार कसं, म्हातारी माणसं, चोरीमारी. आक्कांनी त्याला लाटणं दाखवलं.

आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. खाणवाले आठवड्यातून एखाद-दोनदा सुरुंग उडवतात, आधी भोंगा वाजवतात. भोंगा वाजला की आक्का हातातलं काम टाकतात आणि माझ्याशेजारी येऊन बसतात. सुरुंगच आहे हे दोघींना माहीत असतं. तरी पेला थरथरला की त्या माझं मनगट धरतात, आणि थरथर थांबून बराच वेळ झाला तरी सोडत नाहीत. इतकं घट्ट धरतात की वळ उठतात. संध्याकाळी चालताना शेजारणी विचारतात, हे काय झालं हाताला? मी सांगते, नणंद मारते.