गाळलेल्या ओळी

पाठीच्या ऑपरेशननंतर मी उताणा पडून होतो. कूस बदलायची म्हटली तरी कुणाला तरी हाक मारावी लागे. आमच्या चर्चमधल्या सुशीलाकाकू रोज दुपारी येत आणि उशाशी बसून बायबलातली स्तोत्रं वाचून दाखवत. उठून जाता येत नव्हतं, म्हणून मी ऐकायचो. रोज देवाची स्तुती, रोज त्याचे उपकार. पायाकडच्या खिडकीच्या गजांकडे बघत मी मनातल्या मनात चिडायचो. प्रार्थना तर केव्हाच सुटली होती.

एके दिवशी मान जरा वळवता आली आणि दिसलं, वाचताना काकूंचं बोट मधल्या ओळींवरून अलगद पुढे सरकत होतं.

"काकू, तुम्ही काहीतरी गाळताय."

त्या चपापल्या. "देवाला जाब विचारलाय रे तिथं. आजारी माणसापुढे कशाला?"

"मग त्या ओळी वाचायच्या कुणी?"

"मी वाचते ना. घरी, दार लावून. हे गेल्यापासून."

"आज इथं वाचा."

काकू बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांनी एक स्तोत्र काढलं. त्यातला माणूस देवाला हाका मारून थकतो आणि शेवटपर्यंत उत्तर येत नाही. अंधारातच संपतं ते. काकूंचा आवाज मध्येच फाटला, पण त्या थांबल्या नाहीत.

हेही कुणीतरी प्रार्थना म्हणून जपून ठेवलं होतं. जो नाहीच, त्याच्याशी इतकं कोण भांडेल?

काकू आमेन म्हणाल्या नाहीत. मीही नाही. पाठ दुखतच होती, देव गप्पच होता. फक्त त्या खोलीत अडकलेले आता आम्ही दोघं होतो.