रोहिणखेडच्या वावरातला आवाज

भुताच्या सिनेमात दार करकरतं, ते कोण आणि कशाने करकरवतं हे मला माहीत आहे. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी माध्यमांचा इतिहास शिकवते. त्यामुळे असल्या अनुभवांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आजही फार आहे असं नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, म्हणून लिहितेय.

माझी पीएचडी जुन्या माहितीपटांवर आहे. इथे बसून तो अभ्यास करायचा म्हणजे सगळी भिस्त ऑनलाइन संग्रहांवर. जुन्या फिल्म्स, पूर्ण न झालेल्या माहितीपटांचे तुकडे, अभ्यासकांच्या टिपा, सगळं एका लॉगिनवर. अशाच एका संग्रहात मला एक छोटा तुकडा सापडला. कापूस वेचणाऱ्या बाया, मागे मशिदीचा घुमट. खाली फक्त 'रोहिणखेड' एवढंच लिहिलेलं, आणि पुढे 'मूक'. आवाज तेव्हा वेगळ्या टेपवर घेतला होता आणि ती टेप हरवली, असं टिपेत होतं.

रोहिणखेड बाबांचं गाव. वावर कोणतं हे ते सांगतील म्हणून मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. हिवाळ्यातली दुपार होती, गॅलरीत कोवळं ऊन आलेलं. बाबांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून ते सवयीने कान लॅपटॉपजवळ नेऊन पाहत होते. मी शेजारी पेपर तपासत होते.

तुकडा संपला. ते म्हणाले, वावर नदीच्या अंगाचं दिसतं. मग सहज म्हणाले, "त्या बाईनं शांते म्हणून हाक मारली, पाह्य. आपल्या आक्काचंच नाव." आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या.

मी विचारलं, कोणत्या बाईनं?

"थे पाठमोरी हाये नं, तिनं. 'शांते, त्याले खाली नोको सोडू व. काटा रुतीन त्याच्या पायात.' असं म्हणून राह्यली."

मी आवाजाचं बटण पाहिलं. नंतर आत जाऊन फाइलच तपासली. आवाजाचा ट्रॅकच नव्हता... म्हणजे बंद नव्हता, नव्हताच. ओठांवरून ओळखलं म्हणावं, तर बाई शेवटपर्यंत पाठमोरी, ओटीत कापूस टाकत आपल्या पातीने, म्हणजे ओळीने, पुढे सरकणारी. फक्त सुरुवातीला क्षणभर तिचा चेहरा दिसतो. म्हातारपणी असे भास होतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पण नाव डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी मी आणि बाबा धामणगाव बढ्याला आत्याकडे गेलो. शांताआत्या बाबांपेक्षा पुष्कळ मोठी. आजी गेली तेव्हा बाबा जेमतेम चालायला लागले होते; त्यांना आत्यानेच वाढवलं. आजीचा फोटो आमच्याकडे नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि शेजारी आजोबा एकटेच.

आत्याने चष्मा पुसून लावला. तुकडा सुरू झाला, तो चेहरा आला... आणि आत्याने पडद्यावर हात ठेवला. सगळा पंजा.

"माय हाये थे," ती म्हणाली.

मग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या पोरीकडे बोट केलं. ती मी, म्हणाली, आणि माझ्या कडेवर हा. बाबा पडद्याकडे वाकले. सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्या आईला, ती आई आहे हे कळून, पहिल्यांदा पाहत होता. त्यांनी तो तुकडा किती वेळा लावायला लावला, मी मोजलं नाही. चहा तसाच निवला. खिडकीतून कडुलिंबाची सावली पडद्यावर हलत होती, आणि मला वाटत होतं की ती वावरातलीच आहे.

मी आत्याला आडून विचारलं, तेव्हा आजी काय बोलली होती? आत्याला मोटार आठवत होती, कॅमेऱ्याजवळचे पँटवाले आठवत होते. बोलणं अजिबात नाही. बाबांना हे तिने कधी सांगितलं असण्याचा प्रश्नच नव्हता.

उन्हाळ्यात अभ्यासकांच्या ऑनलाइन गटावर एकाने लिहिलं की त्याच चित्रीकरणाच्या टेपा दुसऱ्या एका संस्थेत सापडल्या आणि आता ऐकता येतात. मी त्याच दिवशी ती टेप उतरवून घेतली. चित्राच्या सुरुवातीला एक माणूस टाळी वाजवतो. ती टाळी टेपवरच्या टाळीला जुळवली. आधी वारा. बायांचं हसणं. मग एक तरुण, जरासा बसका आवाज —

"शांते, त्याले खाली नोको सोडू व. काटा रुतीन त्याच्या पायात."

आणि तिथेच टेप तुटलेली.

मी लॅपटॉप बाबांकडे नेला. त्यांनी कान जवळ नेऊन ऐकलं, मान हलवली, आणि तोंड जरा उतरलं.

"पुढचं काऊन कापलं यायनं?"

"काय पुढचं, बाबा?"

"मांगं तू लावलं होतं त्याच्यात होतं नं. 'एवढी पात झाली का आलीच मी,' असं म्हणते थे."

त्या वर्षीच आजी तापाने गेली होती.

मी लॅपटॉप बंद केला. बाबांना वाटतं, पहिल्या वेळी मी त्यांना आवाजासकट दाखवलं होतं आणि आत्याकडे आवाज बंद ठेवला होता. ते मूक होतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. लहानपणीची आठवण म्हणावं, तर एवढ्याशा बाळाला वाक्यं आठवतात? योगायोग म्हणावं, तर शब्दाला शब्द?

त्या संग्रहात अभ्यासकांना संवाद लिहून देता येतात. मी टेपवरची वाक्यं टंकली, आणि खूप वेळ थांबून बाबांनी ऐकलेलं ते शेवटचंही. खाली 'स्रोत' असा रकाना असतो. तो मी रिकामाच सोडला.