पॅनेलवरचं हिरवं

संगणकाच्या पडद्याच्या तळाशी घड्याळ, आवाज, बॅटरी दाखवणारी एक पट्टी असते. तिला पॅनेल म्हणतात आणि तिच्यावरच्या चिमुकल्या प्रोग्रॅमना ॲपलेट. एकमेकांना कधी न भेटलेले आम्ही काही लोक मिळून एक फुकट डेस्कटॉप, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची सगळी मांडणी, बनवतो. त्याचं पॅनेल नव्याने रचायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी फुलसावंगीजवळच्या आमच्या घरी बसूनच काम करत होतो. जुन्या पद्धतीचा मला मनस्वी राग. एक ॲपलेट मेलं की अख्खी पट्टी कोसळायची, वर चौकट उगवायची: अमुक बंद पडलं, पुन्हा सुरू करू का? मी प्रत्येक ॲपलेट पॅनेलपासून वेगळं काढलं. पॅनेल त्याचं फक्त शेवटचं चित्र जपणार; ॲपलेट मेलं तरी ते पुन्हा उठेपर्यंत चित्र जागेवर. ना चौकट, ना रिकामी जागा. सहकाऱ्यांनी वाहवा केली आणि मीही हुरळून गेलो. मेलेल्याचा फोटो जिवंत म्हणून टांगतोय, हे टाळक्यात शिरलंच नाही.

घरच्या संगणकावर मी आईसाठी एक ॲपलेट लिहून ठेवलं होतं. हवामान खात्याचा विजांचा इशारा असला की लाल, नसला की हिरवं. संगणक रस्त्याकडच्या खिडकीत. वावरात निघालेल्या बाया थांबून विचारायच्या, "हिरवं हाय का वो काकू?" आईनं मान हलवली की सगळ्या पुढे. गावात हा रिवाजच पडला होता, आणि मला त्याचा केवढा गर्व!

नवं पॅनेल मी त्याच संगणकावर चढवलं. तपासायला दुसरं यंत्र होतं, पण ते कपाटातून काढायचा कंटाळा.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनची सोंगणी होती. सकाळी हिरवं पाहून आई तीन बायांना घेऊन नाल्यापलीकडच्या वावरात गेली. दुपारी खोलीत एकदम अंधारून आलं. लांबून गडगडलं. पट्टीवर हिरवं. मी त्यावर क्लिक केलं, काहीच उघडलं नाही. नोंदी पाहिल्या, तर ॲपलेट आदल्या संध्याकाळीच मेलेलं. शेजारचं घड्याळ मात्र मिनिटं बदलत होतं, म्हणून मला शंकासुद्धा आली नव्हती.  आईला फोन लावला, तो स्वयंपाकघरात वाजला.

गाडीने नाल्यापर्यंत गेलो, पुढे चिखलातून पळालो. चौघी मोहाच्या झाडाखाली दाटीने उभ्या होत्या.

"पळा! झाडाखालून निघा!" मी लांबूनच ओरडलो.

त्या हसत हसत निघाल्या. आम्ही नाला ओलांडला आणि मागे असा आवाज झाला की आई मटकन खालीच बसली. वळून पाहिलं, तर मोहाचं खोड वरपासून खालपर्यंत सोललं होतं.

घरी आल्यावर मी आईवरच खेकसलो. चूक माझी होती, म्हणून जास्तच.

"आभाळ दिसलं नाही काय तुले?"

"दिसलं ना बाबू," ती म्हणाली. "पण तुह्यावालं हिरवं होतं. म्हनलं, आभाळ येईन अन् जाईन."

मी उठून ॲपलेट पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी खिडकीशी पंधरा-वीस बाया. गावभर झालं होतं की संगणकानं सांगितलं, म्हणून चौघी वाचल्या. मी खरं काय ते सांगून टाकलं: ते बंद पडलं होतं, खोटं दाखवत होतं, चूक माझी, यावर विसंबू नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारी म्हणाली, "थे जाऊ दे रे बापू. आज काय दाखवून राह्यलं, थे सांग."

ॲपलेट चालू होतं. हिरवं होतं. मी तोंड उघडलं नाही, पण त्यांना खिडकीतून दिसलंच. आईनं विळा उचलला आणि सगळ्या निघाल्या. मी दारात उभा राहिलो. महागावच्या अंगाला ढग चढत होते, आणि त्यांच्यातल्या एकीनंही मान वर केली नाही.