नोसरत लोहाराच्या दाराची कडी

इराणातल्या आमच्या काशानमध्ये ‘हल्गे’ हा एकच शब्द बऱ्याच गोष्टींना पुरतो. दाराची गोल कडी हल्गे, लग्नाची अंगठी हल्गे, साखळीतला दुवा हल्गे, माणसं गोल करून बसली तर तेही हल्गेच. नोसरत लोहार कड्या आणि साखळ्या उत्तम घडवायचा. माणसं जोडणं मात्र त्याला जमलं नाही. मला गोष्ट रचून लिहिता येत नाही, पण त्याच्याविषयी सांगायला गल्लीत आता दुसरं कोणी उरलं नाही.

आमच्या दारांवर डावीकडे पुरुषांनी वाजवायचा जाड दांडा असतो, उजवीकडे बायकांनी वाजवायची कडी. कडीचा बारीक आवाज आला की घरातली बाई उठते.

नोसरतच्या मुलीने, मोनीरने, आबादानच्या एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं. नोसरत भर गल्लीत ओरडला, “त्याचं हल्गे बोटात घातलंस ना? मग माझ्या दाराच्या हल्ग्याला हात लावायचा नाही!”

त्यानंतर चार वर्षं कडी वाजली की त्याची बायको तूबा धावत जायची. शेजारीण दिसली की परत यायची. एकदा मी ऐकलं, ती नोसरतला म्हणत होती, “उस्ता, लोखंड तापलं की वाकतं हो. तुम्ही नुसते तापताच.”

त्या हिवाळ्यात तूबा गेली. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, तसा नोसरत माझ्या लोकर रंगवायच्या दुकानात आला.

“आगा याकूब, एक पत्र लिहून दे.”

“काय लिहू?”

तो माझ्या रंगाने निळ्या झालेल्या हातांकडे बघत म्हणाला, “लिही, दाराचं हल्गे तुझंच आहे.”

तेवढंच लिहिलं.

नवरोजला, आमच्या नव्या वर्षाला, चार दिवस होते. कडीचा खिळा झिजून आवाज बसला होता. “पोरीला ओळखू यायला हवा,” म्हणत त्याने ती काढली आणि दुकानात नेली.

त्याच दुपारी मोनीर आली. कडेवर मूल होतं. मी समोरच माझ्या छतावर लोकरीच्या लडी वाळत घालत होतो. दारावर उजवीकडे नुसतं भोक होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. दांड्याला हात लावला नाही. मी हाक मारायला हवी होती. पण छतावरून दुसऱ्याच्या लेकीला हाक कशी मारायची, आणि नोसरत येईलच की आता, असं मनाशी म्हणत राहिलो. ती वळली आणि बसच्या रस्त्याला लागली.

संध्याकाळी नोसरत चकचकीत कडी घेऊन आला. ती येऊन गेली, एवढंच मी सांगितलं. मी छतावर होतो, हे नाही सांगितलं.

त्याने माझ्याकडून लिहून घेतलेलं दुसरं पत्र परत आलं. त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं.

नोसरत पुढे अकरा वर्षं जगला. गल्लीतल्या मुली खेळता खेळता कडी वाजवून पळायच्या. दर वेळी तो उठायचा.

“उस्ता, बायकांच्या कडीला तुम्ही उठता?” लोक हसायचे.

“घरात दुसरं कोण आहे?” तो म्हणायचा. गल्लीत दोन्हीकडे नजर टाकायचा, मग मला छतावर बघून सांगायचा, “कोणी नाही रे, याकूब. पण वाजली छान.”