घाटातला सत्कार

सत्कार हा शब्द ऐकला की मला शिसारी येते. कोणी घडी घातलेली शाल घेऊन स्टेजकडे निघालं की मी चपला शोधायला लागतो. बायको म्हणते, तू तुसडा होत चालला आहेस. असेन. पण त्या दिवशी घाटात काय झालं ते ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

आधी रस्त्याचं सांगतो. आमच्या वॉशिंग्टन राज्यात नॉर्थ कॅस्केड्सच्या डोंगरांतून एक हायवे जातो. हिवाळ्यात तो बर्फाखाली गडप होतो. वसंतात बर्फ काढणारी यंत्रं सोमवार ते गुरुवार कामाला लागतात आणि शुक्रवारी थांबतात. मग रविवारपर्यंत रस्ता मोकळा असतो पण फाटक बंद असतं. गाडी जाऊ शकत नाही. सायकल मात्र कडेनं उचलून पलीकडे नेता येते. दोन्ही अंगांना डोक्याहून उंच बर्फाच्या भिंती, मधून ओला काळा डांबरी रस्ता, आणि सबंध घाटात इंजिनाचा आवाज नाही. वर्षातले थोडे आठवडे हे सुख मिळतं. एकदा फाटक उघडलं की ट्रक आणि मोटारहोम सुरू, मग तिकडे फिरकावंसंही वाटत नाही.

हा रस्ता मला काकांनी दाखवला. काका म्हणजे बेलव्ह्यू गावात आमच्यापासून चार घरं सोडून राहणारे. मूळचे नागपूरचे, फार पूर्वी इकडे आलेले, हयातभर लोकांची हृदयं तपासली आणि आता रिटायर. मी व्हिसावर नवा आलो तेव्हा माझं सुटलेलं पोट बघून त्यांनी स्वतःची जुनी सायकल मला दिली होती. "बसून बसून काय करून राहिला तू? चल," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर वसंतात आम्ही दोघं आदल्या दिवशी डोंगराच्या पलीकडच्या बाजूला ड्राइव्ह करून जायचो, मोटेलमध्ये राहायचो आणि सकाळी घाट चढायचो.

काकांचा एक नेम होता. वरच्या भागात रस्ता घोड्याच्या नालासारखा वळतो आणि मग सरळ अंगावर येतो. त्या वळणाआधी ते थांबायचे, पाणी प्यायचे, आणि तिथून खिंडीच्या माथ्यापर्यंत पाय जमिनीला लावायचे नाहीत. कितीही हळू, अगदी सायकल लटपटली तरी. माथ्यावर पोचलं की बोलायचं नाही. बर्फाखालून वितळलेलं पाणी वाहतं, त्याचा बारीक आवाज येतो, तो ऐकत उभं राहायचं. फोटो नाही. आमच्याकडे त्या जागेचा एकही फोटो नव्हता आणि याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी काकांचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते. ऑपरेशन उन्हाळ्यात होतं. नंतर सायकल चालवता येईल, पण हा घाट नाही, असं ते म्हणाले.

"असं डॉक्टर म्हणाले?" मी विचारलं.

"मीच डॉक्टर आहे ना बाबा. या गुडघ्यांना एकदा विचारलंय. एकदाच हो म्हणालेत."

म्हणजे ही शेवटची खेप. ती त्यांना पाय न टेकता पुरी करायची होती आणि वर जाऊन ते पाणी ऐकायचं होतं. याहून जास्त काहीही नको होतं.

हे काकूंना कौतुकाचं वाटलं, आणि गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात त्या कोणाशी तरी बोलल्या. त्यांचा दोष नाही. नवऱ्याचं कौतुक बायकोनं नाही करायचं तर कोणी? पण ते ऐकलं आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिवानं. हा ठाण्याचा, चाळिशीचा, इथल्या एका कंपनीत मॅनेजर. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन त्याच्या गळ्यात हार घातल्याशिवाय याला झोप येत नाही. दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज, 'चला काकांसोबत घाट!' खाली टाळ्या वाजवणारे पिवळे हात, पानभर. मी सरळ लिहिलं, काकांना शांतपणे जायचं आहे. त्यावर उत्तर आलं, "अरे यार, आपण कुठे डिस्टर्ब करणार?"

तर ठरलेल्या सकाळी फाटकापाशी ही वरात हजर. एकजात भगवे टी-शर्ट, भाड्यानं आणलेल्या बॅटरीच्या सायकली, एकाच्या हँडलला स्पीकर, त्यावर रेकॉर्ड केलेला ढोल-ताशा. कोणी चिवडा काढला, कोणी संत्रं सोललं आणि सालं बर्फात टाकली. "बायोडिग्रेडेबल आहे," तो मला ऐकू जाईल असं म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती सालं उचलून खिशात घातली, तर सगळे माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मीच वेडा.

"जाऊ दे," काका म्हणाले. "लोकांना हौस असते."

सुदैवानं बॅटरीवाले भरकन पुढे गेले. ढोल लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, बरं झालं, हे वर जाऊन, नाचून, कंटाळून आम्ही पोचेपर्यंत खाली येतील. काका त्या दिवशी हळू चालवत होते. डावा गुडघा आत येत होता, ओठ घट्ट मिटलेले. मी मागे राहिलो. घोड्याच्या नालाआधी ते थांबले, पाणी प्यायले, गुडघ्यावरून हात फिरवला आणि निघाले. आता पाय टेकायचा नव्हता.

वळण संपलं. चढ अंगावर आला. ते चढत होते, खरंच चढत होते. माथा दिसायला लागला. मी मनात म्हटलं, होतंय.

आणि माथ्याच्या अलीकडे, अगदी थोडं अलीकडे, रस्त्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बॅनर ताणून धरलेला. त्यावर काकांचा सूट घातलेला फोटो. पुढे दोन बायका हातात ताम्हण घेऊन उभ्या. माथ्यावर वारा फार होता, बॅनर टिकत नव्हता, आणि इथून मागचं शिखर फोटोत नीट येत होतं, म्हणून सत्कार इथे. हे मला मागाहून समजावून सांगण्यात आलं.

काकांनी घंटी वाजवली. बाजूला व्हा म्हणून. मंडळींना वाटलं, काका खुशीत आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पुन्हा वाजवली. टाळ्या वाढल्या. मी मागून ओरडलो, "रस्ता सोडा, थांबवू नका त्यांना," पण ढोल पुन्हा सुरू झाला होता. सचिव हसत पुढे आला आणि त्यानं काकांच्या सायकलचं हँडल धरलं.

काकांचा उजवा पाय डांबरावर टेकला.

पुढचं मला नीट सांगवत नाही. वाऱ्यात निरांजन पेटेना, म्हणून प्लॅस्टिकचा बॅटरीवाला दिवा काढला आणि बायकांनी त्यानं ओवाळलं. घामानं निथळणाऱ्या, धापा टाकणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर शाल टाकली. एकानं कडेच्या दगडावर नारळ फोडला. सचिवानं भाषण केलं, त्यात "ऊर्जेचा झरा" असे शब्द होते. खरा झरा बर्फाखाली दोन हातांवर वाहत होता, पण स्पीकरपुढे कोणाला ऐकू येणार? मला पेढा दिला. मी तो खाल्ला नाही. काकांनी खाल्ला. सगळ्यांना थँक्यू म्हणाले, एकेकाला.

मग ती मंडळी वर निघाली. "काका, येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे."

मी म्हटलं, "काका, एवढंसं तर राहिलंय."

"पाय टेकला ना रे."

"कोण मोजायला आलंय?"

"मी."

"मग खाली वळणापर्यंत जाऊ, परत सुरू करू. मी थांबतो तुमच्यासाठी, अंधार झाला तरी."

त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. "एकदाच हो म्हणाले होते हे," असं म्हणाले, शालीची नीट घडी करून पिशवीत ठेवली, आणि सायकल उताराकडे वळवली. आम्ही दोघंही वर गेलो नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. मंडळानं सत्काराचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये आणून दिला, खाली 'काकांनी शिखर सर केलं' असं लिहून. काकूंनी तो हौसेनं हॉलमध्ये लावला. गणपतीत त्यांच्याकडे दर्शनाला माणसं आली, सचिवही आला होता, त्यानंच सगळ्यांना तो फोटो दाखवला. नव्यानंच बेलव्ह्यूत आलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, वर पोचल्यावर कसं वाटलं?"

मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगणार होतो, त्या सचिवाच्या तोंडावर. काकांनी शेजारून माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

"फार शांत असतं तिथे," ते तिला म्हणाले. "बर्फाखालून पाणी वाहतं. लक्ष दिलं तर ऐकू येतं."

"वॉव," ती म्हणाली. सचिवानं मान डोलावली, जणू त्यानंही ऐकलं होतं. मला तिथे बसवेना. मी उठून अंगणात गेलो, आणि बराच वेळ आत आलो नाही.